स्वमग्नतेवरील संशोधन : माहिती देणाऱ्या घरापर्यंत निष्कर्ष पोहोचले पाहिजेत

अहेरी, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या वनप्रदेशातील कुटुंबांना पाहणी ही गोष्ट नवी नाही. आशाताई घरी येतात, अंगणवाडीत मुलांचे वजन-उंची मोजली जाते, शाळेत आरोग्य पथक येते, सिकलसेलसाठी रक्त घेतले जाते आणि अधूनमधून एखाद्या संस्थेचे अभ्यासकही प्रश्नावली घेऊन येतात. आई आपल्या गरोदरपणाची, प्रसूतीची, बाळाच्या पहिल्या रडण्याची हकिकत सांगते; वडील घरातील आजारांची माहिती देतात. कागद भरला जातो आणि शहराकडे जातो. त्या कागदांतून पुढे काय निष्पन्न झाले, हे मात्र माहिती देणाऱ्या घराला क्वचितच कळते.

मुलाच्या वाढीविषयी आणि वर्तनाविषयी माहिती देताना तर पालक आपल्या घरातील सर्वांत हळवी गोष्ट परक्याच्या हाती सोपवीत असतात. म्हणूनच स्वमग्नतेवरील, म्हणजेच ऑटिझमवरील, संशोधनाच्या संदर्भात जगभर एक प्रश्न आग्रहाने विचारला जात आहे : ज्या कुटुंबांच्या माहितीवर संशोधन उभे राहते, त्यांना त्याचे निष्कर्ष सांगणे हे उपकार आहेत की कर्तव्य? आमच्या मते ते कर्तव्य आहे. ते का आणि ते कसे पार पाडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीशी निगडित अशी अवस्था आहे. लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने १९४३ साली तिचे सविस्तर वर्णन केले. अशी मुले नावाने हाक मारली तरी पुष्कळदा वळून पाहत नाहीत, हवी ती वस्तू बोट दाखवून सांगत नाहीत, उशिरा बोलतात किंवा ऐकलेलेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात. काहींना ठरावीक क्रम मोडलेला चालत नाही, तर काहींना विशिष्ट आवाज वा स्पर्श असह्य होतो. प्रत्येक मुलात ही लक्षणे सारखी नसतात. काही मुले शाळेत उत्तम शिकतात, तर काहींना आयुष्यभर सोबतीची गरज भासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

ही अवस्था बाधा नव्हे, शाप नव्हे आणि आईच्या हलगर्जीपणाचे फळ तर मुळीच नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास काही नामवंत तज्ज्ञ आईच्या थंड वागणुकीला दोष देत असत. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथातून तसाच विचार मांडला. पुढील संशोधनाने तो सपशेल खोटा ठरविला आणि या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवून दिले. परंतु तोपर्यंत कित्येक मातांनी निष्कारण अपराधाचे ओझे वाहिले होते. संशोधनाचा निष्कर्ष वेळेवर आणि नीट घरी पोहोचणे किती मोलाचे असते, हे यावरून लक्षात येईल.

निष्कर्षांचे दोन प्रकार

निष्कर्ष दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे त्या विशिष्ट मुलाविषयीचा निष्कर्ष : तपासणीत काय आढळले, पुढे कोणाकडे जावे, कोणती मदत मिळू शकते. दुसरा म्हणजे संपूर्ण अभ्यासाचा सर्वसाधारण निष्कर्ष : इतक्या मुलांची पाहणी केली, त्यातून अमुक गोष्ट दिसून आली.

या दोहोंत गल्लत झाली की घोटाळा होतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात गावाची सरासरी सांगितली, म्हणून अमुक एका घराने किती पुडे बांधले हे काही कळत नाही. तसेच अभ्यासाचे आहे. एखाद्या उपायाने शंभर मुलांना सरासरी लाभ झाला, याचा अर्थ आपल्या मुलाला तितकाच लाभ झाला किंवा होईल असा नव्हे. म्हणून सांगणाऱ्याने आपण मुलाविषयी बोलत आहोत की समूहाविषयी, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे.

सिकलसेलच्या उदाहरणावरून पहिला प्रकार आपल्या भागातील लोकांना चांगला समजेल. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाला. तपासणी झालेल्या व्यक्तीस तिच्या स्थितीची नोंद असलेले कार्ड द्यावे, अशी त्यात योजना आहे. म्हणजे रक्त देणाऱ्याला त्याचे उत्तर मिळावे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. परंतु कार्ड हाती पडले म्हणजे काम संपले असे नाही. ‘वाहक’ म्हणजे रुग्ण नव्हे, हे समजावून सांगितले नाही, तर तोच कागद एखाद्या मुलीच्या लग्नात अडसर ठरू शकतो. उत्तर देणे आणि उत्तर उमगेल असे देणे, यांत मोठे अंतर आहे.

गडचिरोलीने घालून दिलेला धडा

या विषयात मार्गदर्शनासाठी आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे जे संशोधन केले, ते लोकांना सोबत घेऊन केलेल्या संशोधनाचे उदाहरण म्हणून जगात ओळखले जाते.

डॉ. राणी बंग यांनी जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. परंतु त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलण्यास त्याने हातभार लावला. मात्र निष्कर्ष केवळ लंडनच्या नियतकालिकात राहिले नाहीत. स्त्रियांसाठी आरोग्य जत्रा भरवून, त्यांना समजेल अशा रीतीने, हा विषय गावोगावी नेण्यात आला. जत्रा हा येथील लोकांच्या ओळखीचा प्रकार आहे. जे दवाखान्यात बोलता येत नाही, ते जत्रेत चार जणींच्या सोबतीने बोलता येते.

पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंविषयीचा अभ्यास झाला. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया आरोग्यदूत म्हणून बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या. ज्या गावांत ही व्यवस्था नव्हती त्यांच्याशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्क्यांची घट दिसून आली. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर सुरू केला. आज अहेरीजवळच्या एखाद्या पाड्यात आशाताई बाळाचे वजन करण्यासाठी येतात, तेव्हा गडचिरोलीच्याच मातांनी दिलेल्या माहितीचे फळ सेवेच्या रूपाने त्या घरात परत येत असते. निष्कर्ष घरी पोहोचण्याची ही सर्वांत पूर्ण रीत होय.

उत्तर गोव्यातील मुलांनी काय शिकविले?

स्वमग्नतेच्या बाबतीत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मुलांच्या मेंदूविकासातील अडचणींविषयी भारतात पाच ठिकाणी एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हिमाचल प्रदेशातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकनाल, तेलंगणातील हैदराबाद आणि उत्तर गोवा ही ती पाच ठिकाणे. २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची त्यात तपासणी झाली. स्वमग्नतेबरोबरच अपस्मार, श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, वाचादोष अशा अवस्थाही पाहण्यात आल्या. ६ ते ९ वर्षे वयाच्या मुलांत यांपैकी किमान एक अवस्था असण्याचे प्रमाण ठिकाणागणिक ६.५ ते १८.५ टक्के इतके आढळले. अशा मुलांपैकी जवळजवळ एक-पंचमांश मुलांत एकाहून अधिक अवस्था होत्या.

याच अभ्यासात टाळता येण्याजोगे काही धोकेही दिसून आले. घरी झालेली प्रसूती, जन्मतः श्वास कोंडणे, नवजात अवस्थेतील आजार, मेंदूचा संसर्ग, जन्मावेळचे कमी वजन किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि खुंटलेली वाढ, हे ते धोके होत. आता हा निष्कर्ष अहेरीच्या एखाद्या मातेला कसा सांगावा, याचा विचार करून पाहू. पावसाळ्यात नाल्याला पूर आल्याने तिची प्रसूती घरीच झाली आहे. ‘घरी प्रसूती झाल्याने मुलांत दोष निर्माण होतो’ असे तिला सांगितले, तर ते चुकीचेही होईल आणि क्रूरही. हा निष्कर्ष सर्व मेंदूविकासविषयक अडचणींना मिळून आहे, एकट्या स्वमग्नतेला नव्हे. शिवाय धोका म्हणजे कारण नव्हे. घरी जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात. योग्य सांगणे असे होईल : ‘तुमच्या मुलाला जे आहे, ते अमुक एका गोष्टीमुळे झाले असे आम्हांला म्हणता येत नाही. परंतु पुढील बाळंतपण दवाखान्यात झाले, तर बाळाला अनेक धोक्यांपासून वाचविता येईल.’ निष्कर्ष तोच. पण पहिल्या वाक्याने आई खचते, दुसऱ्याने तिच्या हाती काही तरी येते.

गोव्यातीलच आणखी एक अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागाने गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांसह एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधावा याचे मार्गदर्शन केले. पालक मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यावयाची आणि ती सोबत बसून पाहावयाची, अशी ती पद्धत. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद साधू लागली, असे आढळले. मात्र पालक व मूल यांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ वाढला नाही. उलट तो घटला.

या शेवटच्या वाक्याचे काय करावयाचे? ते लपवावे, असा मोह होऊ शकतो. आमच्या मते तेही पालकांना सांगितलेच पाहिजे. ‘तुम्ही मुलाच्या कलाने बोलू लागलात. मुले अधिक वेळा आपणहून वळू लागली. पण दोघांनी एकत्र रमण्याचा वेळ वाढला नाही. असे का झाले, ते तपासावे लागेल.’ इतक्या साध्या शब्दांत ते सांगता येते. ज्या पालकाने आपल्या घराचे दार उघडले, त्याला अर्धेच सत्य सांगणे हा त्याचा अवमान आहे.

न सांगितल्यास काय घडते?

निष्कर्ष घरी आला नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही. अफवा ती भरून काढते. १९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे त्यातील गैरप्रकार उघडकीस आले, २०१० साली तो लेख मागे घेण्यात आला आणि वेकफील्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही या लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत असल्याचे आढळले नाही. परंतु १२ मुलांची गोष्ट जगभर पसरली. साडेसहा लाख मुलांची गोष्ट मात्र अनेक घरांत पोहोचलीच नाही. लस नाकारण्याची किंमत मुलांनी गोवराच्या रूपाने मोजली.

विश्वासाला तडा जातो, तो याहून वेगळा. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी आपले रक्त दिले. कालांतराने त्यांना कळले, की तेच नमुने मानसिक आजार आणि समाजाच्या मूळ स्थलांतरासंबंधीच्या अभ्यासासाठीही वापरले गेले आहेत. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने ४१ व्यक्तींना मिळून सात लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले रक्ताचे नमुने परत केले. स्वमग्नतेच्या क्षेत्रातही असेच सावध करणारे उदाहरण आहे. दहा हजार स्वमग्न व्यक्तींची जनुकीय माहिती गोळा करणारा इंग्लंडमधील एक प्रकल्प ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाला आणि ‘आमच्याशी आधी विचारविनिमय का केला नाही?’ या स्वमग्न व्यक्तींच्या आक्षेपामुळे पुढच्याच महिन्यात थांबवावा लागला. माडिया व गोंड समाजात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने या दोन्ही घटना ध्यानात ठेवाव्यात.

नियम काय सांगतात?

मानवावरील संशोधनासंबंधीच्या जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २०१३ साली स्पष्ट करण्यात आले, की संशोधनात सहभागी झालेल्या सर्वांना त्याचे सर्वसाधारण निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला गेला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संशोधनाचा लाभ सहभागी समाजापर्यंत पोहोचावा, असा आग्रह आहे. आदिवासी भागात संशोधन करताना सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी, तसेच गरजेनुसार समाजातील वडीलधाऱ्यांच्या आणि स्थानिक बोली जाणणाऱ्यांच्या मदतीने संमती घ्यावी, असे ही तत्त्वे सांगतात. मुलाच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच. शिवाय सात वर्षांवरील मुलाला समजेल अशा भाषेत विचारून त्याचा होकारही घ्यावयाचा असतो. बोलू न शकणाऱ्या मुलाचा नकार त्याच्या चेहऱ्यावरून, हात झटकण्यावरून समजून घ्यावा लागतो.

खऱ्या अडचणी

हे सारे सोपे आहे, असे आम्ही म्हणत नाही. पहिली अडचण भाषेची. या परिसरात माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा भाषा नांदतात. मराठीतील छापील पत्रक प्रत्येक आजीपर्यंत पोहोचणार नाही. दुभाषी म्हणून मुलाच्या मोठ्या बहिणीला उभे करणेही योग्य नव्हे. भावाविषयीची कठीण वार्ता तिच्या तोंडून वदवून घेऊ नये.

दुसरी अडचण गुप्ततेची. तीस घरांच्या टोल्यात स्वमग्न मूल एकच असेल, तर नाव न घेताही साऱ्या गावाला ते कळते. म्हणून सर्वसाधारण निष्कर्ष ग्रामसभेत सांगावा. एका मुलाविषयीचा निष्कर्ष मात्र त्याच्या घरीच, फक्त पालकांना सांगावा.

तिसरी अडचण सेवेची. स्वमग्नतेचे निदान सांगितले आणि पुढे कोठे जावे हे सांगितले नाही, तर ते ज्ञान केवळ दुःख वाढविते. अहेरीहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेव्हा निष्कर्ष सांगणाऱ्याने पुढचा मार्गही सांगावा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची व पुढील उपचारासाठी पाठविण्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश असल्याने तिचे प्रमाणपत्र मिळते. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे.

चौथी अडचण काळाची. संशोधनाचे अंतिम निष्कर्ष यावयास चार-पाच वर्षे लागू शकतात. तोवर मौन पाळण्याऐवजी ‘काम अजून चालू आहे, तुमची माहिती सुरक्षित आहे’ एवढा निरोप वर्षातून एकदा दिला तरी विश्वास टिकतो. सभा भरवावयाची, तर तेंदूपत्त्याचा हंगाम आणि धानाची कापणी टाळून भरवावी. अन्यथा ज्यांच्यासाठी सभा आहे तेच नेमके रानात किंवा शेतात असतील.

पालकांनी कोणते प्रश्न विचारावेत?

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारण्याचा प्रत्येक पालकाला अधिकार आहे.

१. ही तपासणी उपचारासाठी आहे की संशोधनासाठी?
२. माझ्या मुलाविषयी जे आढळेल, ते मला कोण सांगणार, केव्हा आणि कोणत्या भाषेत?
३. संपूर्ण अभ्यासाचा निष्कर्ष आमच्या गावात येऊन सांगणार काय?
४. ही माहिती, रक्त, लाळ किंवा चित्रफीत दुसऱ्या कामासाठी वापरणार काय? वापरावयाची झाल्यास पुन्हा विचारणार काय?
५. निष्कर्ष ऐकावयाचा नसेल, तर तसे सांगण्याची मुभा आहे काय?
६. आम्ही मध्येच माघार घेतली, तर मुलाच्या उपचारावर परिणाम होईल काय?

यांपैकी सहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे. पाचवा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विशेषतः जनुकीय तपासणीत, ज्याचा नक्की अर्थ अद्याप कोणालाच सांगता येत नाही असे काही आढळू शकते. सर्वच पालकांना सर्व काही ऐकावयाचे असते, असे नाही. न ऐकण्याचा निर्णयही त्यांचाच असला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतील शिक्षक, परिचारिका, सिस्टर्स आणि सुशिक्षित युवक या कामी मोठे साहाय्य करू शकतात. संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखविणे, त्यातील कठीण शब्द बोलीभाषेत उलगडून सांगणे, अभ्यासकाचे नाव व संस्थेचा पत्ता वहीत लिहून ठेवणे आणि वर्षभराने ‘आमच्या गावाच्या माहितीचे काय झाले?’ असे पत्र पाठविणे, ही कामे करण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. अशा एका पत्राने अभ्यासकालाही आपल्या जबाबदारीची जाणीव होते.

कुटुंबांनी माहिती देणे थांबवावे, असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. माहिती मिळाली नाही, तर वनप्रदेशातील मुलांच्या गरजा शहरातील आकडेवारीत कधीच उमटणार नाहीत आणि सेवा व निधी यांची आखणी त्यांना वगळूनच होईल. माहिती अवश्य द्यावी. मात्र उत्तराची अपेक्षाही निःसंकोचपणे ठेवावी. प्रश्न विचारण्यासाठी जो अभ्यासक नाला ओलांडून पाड्यावर येतो, त्याला उत्तर सांगण्यासाठी पुन्हा एकदा तोच नाला ओलांडता आला पाहिजे.